"त्यांच्या घरात तसं गेलेत", मग सोयरीक करायची का नाही?

प्रश्न कागलहून आलाय, थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. धाकट्या भावासाठी एक स्थळ आलंय, मुलगी शिकलेली, नोकरीला, दोघांची पसंती झालेली. पण चौकशीत कळलं की मुलीचे वडील काही वर्षांमागं आत्महत्येनं गेले, आणि त्याच्या आधी वडिलांचे एक चुलते पण तसेच गेलेले. आता घरातल्या थोरल्या आत्या अडून बसल्यात की "हे रक्तातनं येतंय, उद्या आपल्या नातवंडांत येणार". विचारणाऱ्या दादांचा प्रश्न असा की हे खरंच जीन्समधनं येतं का, आणि बाहेरच्या देशात लोक काय मानतात, का हे आपल्याकडचंच खूळ आहे.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं मानसोपचाराची प्रॅक्टिस करतोय, सोयरीक ठरायच्या आधी असं विचारायला येणारी घरं माझ्याकडं नेहमी असतात, कधी मुलाकडची, कधी मुलीकडची, आणि बऱ्याचदा "पेशंट नाही हो, नुसतं विचारायचं होतं" म्हणून केसपेपर पण न काढता बसलेली. म्हणून उत्तर जरा लांब देतो.

आधी सरळ उत्तर. फक्त ह्या एका कारणासाठी स्थळ मोडू नका. पण "आनुवंशिक वगैरे काही नसतंय, सगळी परिस्थिती" असंही मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल आणि तुमच्या आत्या पूर्ण चुकीचं बोलत नाहीत.

आनुवंशिकतेचा पुरावा आहे आणि तो चांगला आहे. सगळ्यात पटणारा मला दत्तक मुलांचा वाटतो (दत्तक म्हणजे काय हे कागलकरांना मी सांगायला नको, शाहू महाराजच कागलच्या घाटग्यांच्या घरातनं 1884 ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले). डेन्मार्कमध्ये दत्तकांच्या नोंदी फार नीट ठेवलेल्या असतात. 1979 ला शुलसिंगर, केटी वगैरे संशोधकांनी कोपनहेगनच्या नोंदींतनं आत्महत्येनं गेलेले 57 दत्तक लोक घेतले आणि तुलनेला तितकेच दुसरे दत्तक लोक. मग दोन्ही गटांचे जन्माचे नातेवाईक तपासले. पहिल्या गटात 269 नातेवाइकांत 12 जण तसे गेलेले निघाले, दुसऱ्या गटात पण 269 च नातेवाईक होते आणि त्यात फक्त 2. आणि ज्या घरात ही मुलं वाढली त्या दत्तक घरांत? एकही नाही. म्हणजे बघा, ज्यांच्यासोबत कधी राहिले नाहीत, ज्यांचं तोंड पण बघितलं नसेल, त्यांच्याशी हा धागा जुळला. जुळ्यांचं पण तसंच, 1991 ला रॉय आणि सहकाऱ्यांनी निदान एकजण तरी तसा गेलेल्या 176 जोड्या तपासल्या, हुबेहूब सारख्या जुळ्यांच्या 62 जोड्यांपैकी 7 मध्ये दोघंही तसे गेले होते आणि वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या 114 पैकी 2 मध्ये. आता ह्यातच दुसरी बाजू पण वाचा, हुबेहूब जुळं म्हणजे जीन्स जवळजवळ शंभर टक्के तेच, आणि तरी 62 पैकी 55 जोड्यांत एक गेला आणि दुसरा गेला नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवणारा अभ्यास अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनियातल्या आमिश लोकांचा वाटतो. हे लोक शेतीवाले, धार्मिक, आपापसात लग्नं करणारे, दारूपासून लांब, वीज-मोटारी नको म्हणणारे, आणि वंशावळी अगदी काटेकोर लिहून ठेवणारे, आपल्याकडं हेळवी पिढ्यांचं सांगतात त्याच्यावरचढ. एगलँड आणि ससेक्स ह्यांनी 1985 ला त्यांच्या शंभर वर्षांच्या नोंदी, 1880 ते 1980, काढल्या. शंभर वर्षांत फक्त 26 आत्महत्या. त्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश चारच घराण्यांत, आणि ही चार घराणी म्हणजे लोकसंख्येच्या सोळा टक्के. आत्या हे वाचल्या तर म्हणतील बघा, मी काय सांगत होते. पण पुढचं वाचा. त्या 26 पैकी 24 जणांना डिप्रेशन किंवा बायपोलर (मूड कधी फार खाली, कधी फार वर) असा मूडचा आजार होता. आणि त्याच समाजात दुसरी अशी घराणी पण होती की ज्यांच्यात मूडचे आजार तेवढेच भरलेले, पिढ्यान्‌पिढ्या, आणि त्यांच्यात एकही आत्महत्या नाही. आजार आला आणि मरण आलं नाही. का आलं नाही ह्याचं एका वाक्यात उत्तर नाही, पण आजार आणि मरण ह्या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात एवढं तिथं स्वच्छ दिसतं, आणि माझा सगळा धंदा त्या दोन गोष्टींच्या मधल्या जागेतच चालतो.

तर येतं काय पिढीतनं? डिप्रेशनची, बायपोलरची, स्किझोफ्रेनियाची, दारूच्या व्यसनाची शक्यता येते, आणि त्याशिवाय एक वेगळा भाग पण येतो, तो म्हणजे तडकाफडकी कृती करून बसायचा स्वभाव, डोक्यात आलं की लगेच. "मरण" असं लिहिलेला जीन कुठं नाही. 2023 ला जगभरच्या लाखो लोकांचा डीएनए एकत्र करून जो मोठा अभ्यास झाला त्यात आत्महत्येच्या प्रयत्नाशी जोडलेल्या 12 जागा सापडल्या, आणि प्रत्येकीचा परिणाम इतका बारीक की एकट्या माणसाबद्दल त्यावरनं काहीच सांगता येत नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण हल्ली लाळ पाठवून घरबसल्या जीन टेस्ट करायची जाहिरात मोबाईलवर दिसते आणि मला एका मुलाकडच्यांनी विचारलंय की मुलीची करून घेऊ का. नका करू. ह्या प्रश्नाचं उत्तर देणारी टेस्ट आज अस्तित्वातच नाही, पैसे जातील आणि एका पोरीचा अपमान होईल तो वेगळा.

आकड्याचं बोलायचं तर, डेन्मार्कच्या मोठ्या नोंदींत घरात आत्महत्या झालेल्या माणसाचा धोका इतरांच्या साधारण अडीच पट निघाला. "अडीच पट" ऐकलं की पोटात गोळा येतो. पण कशाच्या अडीच पट? 2022 च्या सरकारी आकड्यांत महाराष्ट्रात 22,746 आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सगळ्यात जास्त, म्हणजे लाखात साधारण 18. नोंद कमी होते हे मला माहितीये, पण सध्या हाच आकडा धरू. त्याचे अडीच पट केले तर लाखात 45. तिकडचं गुणोत्तर इकडं जसंच्या तसं बसतं असं नाही, पण अंदाज घ्यायला पुरेसं आहे, की अशा घरातल्या लाख लोकांपैकी एका वर्षात 99,950 च्या आसपास लोक ह्या मार्गानं जात नाहीत. मुलगी त्यातली असण्याची शक्यता किती हे तुम्हीच काढा.

आता बाहेरचे लोक काय मानतात. ह्यावर खरंच काम झालंय, व्हिएन्नाचे मार्टिन वोरासेक म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत त्यांनी लोकांना जोखीम आनुवंशिक वाटते का हे मोजायची एक प्रश्नावलीच बनवली आणि ती एस्टोनिया, मलेशिया, रोमानिया, ब्रिटन, अमेरिका अशा एकमेकांशी काही संबंध नसलेल्या ठिकाणी लावून बघितली. विज्ञान काय म्हणतं हा एक प्रश्न आणि माणसं काय धरून चालतात हा दुसरा, आणि दवाखान्यात माझ्यासमोर दुसराच येऊन बसतो, म्हणून मला असलं काम महत्त्वाचं वाटतं.

युरोपात तर ह्या रक्ताच्या गोष्टीवर एक अख्खी थिअरी होती. हंगेरी आणि फिनलंड, दोन्हीकडं आत्महत्यांचं प्रमाण फार, भाषा एका कुळातल्या, मग काही संशोधकांनी मांडलं की ह्या फिनो-उग्रिक लोकांच्या जीन्समध्येच काहीतरी असणार. हंगेरीत 1980 च्या दशकात लाखात 45 च्या आसपास प्रमाण होतं, जगात वरचं, आणि "आम्ही असलेच" ही भावना तिथं मुरलेली. पुढं काय झालं, तेच लोक, तेच रक्त, आणि प्रमाण निम्म्याहून बरंच खाली आलं. फिनलंडनं सरकारी पातळीवर कार्यक्रम हातात घेतला, तिथंही 1990 नंतर निम्म्यावर. श्रीलंका आपल्या शेजारची, 1990 च्या दशकाच्या मध्यात जगातल्या सगळ्यात वाईट देशांत होती, त्यांनी शेतीतली सगळ्यात घातक औषधं टप्प्याटप्प्यानं बाजारातनं काढली आणि पुढच्या वीस वर्षांत प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास घसरलं. सिंहली रक्त बदललं का ह्यात? उलटं उदाहरण ग्रीनलंडचं, तिथल्या इनुइट लोकांत 1960 च्या आधी हे फार कमी होतं, मग वस्त्या हलवल्या, जुनं जगणं मोडलं, आणि 1980 च्या दशकात लाखात शंभरच्या वर. एका पिढीत जीन्स वरही जात नाहीत आणि खालीही येत नाहीत.

आणि त्याच्याही आधी बघायचं तर रक्त नाही, पाप मानायचे. इंग्लंडात अशा माणसाला गावाबाहेर चौरस्त्यावर पुरायचे, ते 1823 च्या कायद्यानं थांबलं, मालमत्ता जप्त करायची तरतूद 1870 पर्यंत, आणि गुन्हा म्हणून तर 1961 पर्यंत. आपल्याकडं 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पहिल्यांदा असं धरलं की प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली असतो, त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे, आणि 2024 पासूनच्या न्याय संहितेत प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं 309 कलम राहिलं नाही. मलेशियानं 2023 ला काढलं. म्हणजे आपण फार मागं आहोत असं समजायचं कारण नाही. मरणाचं ओझं मागं राहिलेल्यांच्या डोक्यावर ठेवायची रीत सगळीकडंच आहे, कुठं पाप म्हणून, कुठं रक्त म्हणून, आपल्याकडं पितृदोष म्हणून.

पण आपल्या कोल्हापूर भागात मला एक गंमत दिसते, गंमत म्हणजे वाईट वाटावी अशी. इथली माणसं दोन्ही मानतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. सोयरीक करताना सगळं रक्त. मामाच्या मावसभावापर्यंत चौकशी, "घराणं कसं हाय", कुणी वेडसर होता का, कुणी तसं गेलंय का. आणि तोच माणूस घरात पोरगा तीन महिने अंथरुणातनं उठत नाही म्हणून माझ्याकडं आला की सगळी परिस्थिती. "उसाचं बिल अडकलंय", "सोसायटीचं कर्ज", "एमपीएससीत दोन मार्कांनी गेलं", "पोरीनं नाही म्हटलं". मी विचारतो, घरात पूर्वी कुणाला असला त्रास, उपचार, कुणी स्वतःहून गेलंय? "छे छे, आमच्यात कुणी नाही." स्थळ बघताना दुसऱ्याच्या घरातलं रक्त दिसतं आणि औषधाची वेळ आली की आपल्या घरातलं दिसत नाही. आणि ज्या एका वेळी ती माहिती खरंच उपयोगाची असते ती हीच, माझ्यासमोरची, कारण मला त्यावरनं निदान ठरवायचं असतं, पोरगं नुसतं खचलंय का बायपोलर आहे, कुठलं औषध द्यायचं, किती लवकर परत बोलवायचं. बायपोलरवाल्याला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर काही जणांत प्रकरण उलटतं.

नेहमीचं दृश्य सांगतो. सगळं घर आत येतं, वडील बोलतात, बाकीचे माना हलवतात, मी प्रिस्क्रिप्शन लिहितो, सगळे उठून बाहेर जातात आणि एक बाई, बहुतेक वेळा आत्या नाहीतर थोरल्या वैनी, पर्स राहिली म्हणून परत येते, दार लोटून घेते आणि हळू आवाजात, "डॉक्टर, ह्यांचे थोरले भाऊ... आम्ही पाय घसरला म्हणून सांगतो, पण तसं नव्हतं ते." त्या एका वाक्यानं माझा अख्खा कागद बदलतो. मग मी सगळ्यांना परत आत बोलावत नाही, तिचं नाव पण घेत नाही, फक्त पुढची तारीख महिन्याऐवजी चार दिवसांनी लावतो.

लपवल्याचा दुसरा तोटा मुलांना होतो. ज्यांचे वडील असे गेलेत अशी मुलं वडिलांचं वय मोजत बसतात. पस्तिशीतली चांगली कमावती माणसं येऊन सांगतात, "सर, बाबा 42 ला गेले, मला पुढच्या वर्षी 42 लागतंय." त्यांना कसलाच आजार नसतो कधीकधी, पण "आपल्यात हे आहे" हे लहानपणी पाहुण्यांच्या कुजबुजीतनं कानावर पडलेलं असतं, कुणी समोर बसवून सांगितलेलं नसतं. त्यांना मी आजाराचं नाव सांगतो. तुझ्या वडिलांना जे होतं त्याला बायपोलर म्हणतात, त्याला लिथियम म्हणून साधं, जुनं, स्वस्त औषध आहे, मूड तर धरून ठेवतंच आणि ज्या थोड्या औषधांनी आत्महत्येचं प्रमाण कमी झाल्याचं दिसलंय त्यातलं एक आहे, तुझ्या बाबांना ते मिळालं नाही, तुला लागलं तर मिळेल. खांदे खाली येतात माणसाचे. शिवाय लहानपणी आईबाप असं गमावणं हाच एक घाव असतो, स्वीडनच्या नोंदींत लहान वयात पालक असे गेलेल्या मुलांचा धोका तिप्पट दिसला, पण जे मोठे झाल्यावर पालक असे गेले त्यांच्यात तसा दिसला नाही. सगळं रक्तातनंच येत असतं तर मुलाच्या वयानं फरक पडला नसता.

आता तुमच्या स्थळाचं. चौकशी करायचीच तर ती नीट करा, भावकीत फोन फिरवून नको. मुलगा आणि मुलगी दोघंच निवांत बसू देत, रंकाळ्यावर जाऊ दे नाहीतर घरी, आणि बोलणं दोन्ही बाजूंचं व्हावं, कारण तुमच्या घरात पण कुणाची तरी दारू असेल, कुणाला तरी झोपेच्या गोळ्या चालू असतील, असतातच. तिच्या वडिलांना काय त्रास होता, उपचार झाले का, तिला स्वतःला कधी उदासीचा, झोप उडण्याचा, उलट चार-चार दिवस झोपच लागत नाही आणि अंगात वारं शिरल्यासारखं असा काळ आलाय का. आला असेल आणि तिनं उपचार घेतले असतील तर माझ्या मते ती जमेची बाजू आहे, खर्चाची नाही, कारण स्वतःहून डॉक्टरकडं जाणारं माणूस घरात असणं हीच सगळ्यात मोठी राखण. मला "आमच्यात कुणालाच कधी काही नाही" म्हणणाऱ्या घराची जास्त काळजी वाटते.

लग्न झालं तर पुढं एवढं लक्षात असू दे. बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने, कुठल्याही सुनेच्या बाबतीत, आणि घरात मूडच्या आजाराचा इतिहास असेल तर जास्तच, झोप आणि मूडवर नजर ठेवा, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना हा इतिहास आधीच सांगून ठेवा. शेतातली औषधं माजघरात, पलंगाखाली ठेवायची आपल्याकडं सवय आहे ती मोडा, कुलपात, घरापासून लांब, चावी एकाकडं, हे प्रत्येक शेतकरी घरानं करावं, सोयरीक कुठलीही असो. आणि कुणी "नको झालंय आता" असं बोलायला लागलं तर विषय बदलू नका, सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्यानं डोक्यात भरतं हा समज चुकीचा आहे, विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. मग एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर, कोल्हापुरात सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, नाहीतर टेलिमानस ह्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. हे वाचणाऱ्यातल्या कुणाला आत्ता स्वतःसाठी लागत असेल तर त्यानंही आत्ताच लावा, वाचायचं नंतर.

राहिल्या आत्या. तुम्ही लिहिलंय की त्यांची अट आहे, मुलीकडच्यांनी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून यावं मग बघू. मी पूजेच्या आड कधी येत नाही, वाडीला दत्ताच्या पायाशी जाऊन शांत झालेली माणसं मी बघितलीत, फक्त पूजा झाली म्हणून गोळ्या बंद केल्या असं कुणी केलं की मग माझा त्यांचा वाद होतो. पण इथं ती पूजा म्हणजे मुलीच्या आईला सगळ्या पाहुण्यांसमोर कबूल करायला लावणं आहे की दोष आमच्यात होता, नवरा गेल्यावर त्या बाईनं पोरीला एकटीनं शिकवून उभी केलीय, तिच्यावर ही वेळ आणू नका. आत्यांना दत्तकांचे, आमिशांचे आकडे सांगून उपयोग होणार नाही. त्यांना विचारा, तुमच्या माहेरी-सासरी असं कोण होतं का हो? आणि गप्प बसा. कुणाचं तरी नाव निघेल बघा, आणि त्या नावापुढं त्यांची स्वतःची पोरंबाळं कशी आहेत हेही निघेल. तरी नाही ऐकलं तर शनिवारी दुपारी घेऊन या, केसपेपर काढायची गरज नाही.